हात लागला की खेळायचं

हेडक्लार्क तिसरा पेला घेऊन घरी आले, तेव्हा बायको चहा गाळत होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

"ठेवा तिकडे. पहिल्यात ब्रश आहेत, दुसऱ्यात चमचे. यात काय ठेवायचं ते तुम्हीच ठरवा."

बुद्धिबळ क्लबाच्या वार्षिक स्पर्धेत शेवटच्या क्रमांकाला उत्तेजनार्थ म्हणून एक स्टीलचा पेला देत. हेडक्लार्कांना तो लागोपाठ तीन वर्षं मिळाला होता. ऑफिसात त्यांना माघारी 'उत्तेजनार्थ' म्हणत, आणि हल्ली तोंडावरही म्हणू लागले होते.

बरं, माणूस काही मठ्ठ नव्हता. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातली निम्मी परिपत्रकं त्यांना तोंडपाठ होती. घोडं अडायचं ते हातापाशी. बुद्धिबळात नियम साधा, ज्या मोहऱ्याला हात लावाल तोच खेळायचा. आणि हेडक्लार्कांचा हात डोक्याची परवानगी न घेताच निघायचा. यंदा हत्ती खेळायला गेला आणि राजाला लागला. राजा बिचारा भर पटात बाहेर आला आणि दोन चालींत गेला.

"आता नाव घालायचंच नाही," हेडक्लार्क म्हणाले. "उगाच शोभा."

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बेल वाजली. दारात एक उंच, वाळके गृहस्थ उभे होते. बगलेत बुद्धिबळाचा पट.

"मी गणिताचा शिक्षक. निवृत्त. महिन्यापूर्वीच मागच्या गल्लीत राहायला आलो. ते तीन वर्षं शेवटचे येणारे तुम्हीच ना?"

हेडक्लार्कांनी नुसती मान खाली घातली.

"वा! पुढच्या वर्षी नाव घालणार ना?"

"छे हो. पुरे झालं आता."

"असं कसं? अहो, असं कसं चालेल?" सर इतके कळवळले की हेडक्लार्कांच्या सख्ख्या भावालासुद्धा कधी एवढं वाईट वाटलं नव्हतं. "नाव घातलंच पाहिजे. हवं तर मी शिकवतो तुम्हाला. रोज सकाळी. फुकट!"

सरांनी दोन डाव खेळून पाहिले आणि निदान केलं. "डोकं ठीक आहे तुमचं. बिघडलाय तो हात. आणि हाताला वळण पटावर लागत नाही, ते घरात लागतं. आजपासून ज्याला हात लावाल ते काम तडीस न्यायचं. अर्धवट सोडायचं नाही. अपवाद नाही."

बायको दारात उभी राहून ऐकत होती. "म्हणजे सर, घरातलं कामसुद्धा?"

"घरातलंच मुख्य."

"अजून थोडा चहा घ्या ना, सर," बायको म्हणाली.

त्याच संध्याकाळी हेडक्लार्कांनी खुर्चीवर बसायचं म्हणून इस्त्रीच्या कपड्यांची टोपली बाजूला सरकवली. झालं! अकरा कपडे इस्त्री करून ते उठले तेव्हा त्यांची पाठ बोलत होती. दुसऱ्या दिवशी पेपरवर फडकं ठेवलेलं होतं. तिसऱ्या दिवशी चष्म्यावर भांडी घासायची घासणी. असल्या गोष्टी आपोआप पेपरवर आणि चष्म्यावर येत नाहीत हे कळायला त्यांना आठवडा लागला, पण तोवर घर आरशासारखं लख्ख झालं होतं. मग ते दोन्ही हात पाठीमागे धरून घरातून फिरू लागले. शेजाऱ्यांना वाटलं, यांना बढती मिळाली.

"त्रास होतोय?" सरांनी विचारलं.

"होतोय."

"म्हणजे वळण लागतंय. सोडायचं नाही."

हेडक्लार्कांनी सोडलं नाही. एकदा मनावर घेतलं की ते काम धसास लावणारे होते. फक्त आजवर त्यांनी मनावर काही घेतलं नव्हतं. त्यांच्या टेबलावर एका गळक्या पाइपची फाइल सात वर्षं पडून होती. तिच्यावर ते जेवणाचा डबा ठेवत. एका दुपारी डबा उचलताना तळवा फाइलवर टेकला. हेडक्लार्क थबकले. "लागला," ते स्वतःशीच पुटपुटले, आणि न जेवता कामाला लागले. तीन खात्यांना फोन केले, दोन इंजिनियरांच्या मागे लागले, स्वतः जाऊन चिखलात उभे राहिले. चौथ्या दिवशी गळती बंद! तक्रार करणारे आजोबा काठी टेकत ऑफिसात आले आणि म्हणाले, "अहो, तक्रार केली होती हे मीच विसरलो होतो."

साहेबांनी हेडक्लार्कांना केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. "घरी सगळं ठीक आहे ना? काही टेन्शन? मोकळेपणाने सांगा."

बातमी पसरायला वेळ लागला नाही. अख्खं ऑफिस आपापल्या फाइली घेऊन त्यांच्या टेबलाशी येऊ लागलं. "सोडवू नका हो, नुसती हातात तर घ्या!" हेडक्लार्क खिशात हात घालून बसू लागले.

पण खरा घोटाळा झाला तो फर्निचरच्या दुकानात. बायकोला स्वयंपाकघरासाठी एक स्टूल हवं होतं. हेडक्लार्क पाठीमागे हात बांधून एका तीनदारी कपाटासमोर उभे राहिले. उभं राहायला कुठेतरी हवंच ना!

"साहेब, हात लावून तर बघा," विक्रेता म्हणाला.

"नको."

"अहो, लाकूड आहे. चावत नाही." आणि त्याने चक्क त्यांचं मनगट धरून तळवा कपाटावर टेकवला.

हेडक्लार्कांचा चेहरा पडला. "लागला," ते खोल आवाजात म्हणाले.

"अहो, आपण स्टूल घ्यायला आलोय!" बायको म्हणाली.

"हात लागला."

"त्याने लावला!"

"कुणीही लावो. लागला तो लागला."

दुसऱ्या दिवशी कपाट आलं. खोलीच्या दारातून ते आत जाईना आणि जिन्यावरून परत खाली उतरेना. शेवटी बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायच्या वाटेवर ते कायमचं उभं राहिलं. त्याच्या शेजारून आडवं होऊन जावं लागे. वरच्या मजल्यावरच्या काकू, अंगाने भरलेल्या, वाटीभर साखर मागायला आत गेल्या आणि परत येताना मध्येच अडकल्या. त्यांना बाहेर काढेपर्यंत जेवायची वेळ झाली, म्हणून त्या जेवूनच गेल्या.

काकू गेल्यावर बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आता ऐका. उद्या रस्त्यात कुणाच्या खांद्याला हात लावाल आणि त्यालाही घरी घेऊन याल! आता स्पर्धेत परत शेवटचे आलात ना, तर तुमचा पट त्या कपाटावर जाईल आणि जन्मात खाली यायचा नाही."

"अगं, पण..."

"माझी चाल झाली."

हे हेडक्लार्कांच्या जिव्हारी लागलं. पट जाणार? तो गेला तर राहिलं काय, फाइली? ते पहाटे पाचला उठू लागले. आंघोळ करताना मनात घोडे फिरवत, जेवताना उंट. पहिला नंबर त्यांना नकोच होता. शेवटचा टळला की गंगेत घोडं न्हालं, एवढीच त्यांची मागणी होती.

स्पर्धेचा दिवस उजाडला. बारा खेळाडू, पाच फेऱ्या. सरांनीही यंदा नाव घातलं होतं. हेडक्लार्क पहिली फेरी हरले, दुसरी हरले, तिसरी हरले, चौथीही हरले. पण एकही डाव हातामुळे गेला नाही. सगळे डोक्यामुळे गेले. एवढी प्रगती कुणाला कमी वाटली तरी त्यांना नाही वाटली. प्रत्येक फेरीनंतर सर धावत येत. "काय झालं? कुठे चुकलं?"

"तुमचं काय झालं, सर?"

"माझं सोडा हो, तुमचं सांगा."

पाचव्या फेरीच्या जोड्या फळ्यावर लागल्या. शेवटच्या टेबलावर, शून्य गुणवाले दोघं: हेडक्लार्क आणि गणिताचे सर.

"चूक झालीय काहीतरी," हेडक्लार्क पंचांना म्हणाले.

"चूक कसली? दोघंही चारही डाव हरलात. आता जो हरेल तो शेवटचा. बसा."

हेडक्लार्क बसले. सर आधीच बसले होते. ते वर बघेनात. डाव रंगला, म्हणजे दोघांनीही सारख्याच चुका केल्या. तासाभराने सरांनी हत्तीकडे हात नेला, वाटेत विचार बदलला, शेजारचा उंट दोन बोटांत धरला आणि चटका बसल्यासारखा सोडला. उंट हलला असता तर मागचा वजीर उघडा पडणार होता. सरांनी हळूच परत हत्ती धरला.

आजूबाजूला कुणी पाहिलं नव्हतं. हेडक्लार्कांनी पाहिलं होतं. एका बाजूला गुरू, दुसऱ्या बाजूला पट.

"सर... हात लागला."

"कशाला?"

"उंटाला."

"मी तो नीट ठेवत होतो."

"नीट ठेवायचा असेल तर आधी सांगायचं असतं, सर. तुम्हीच शिकवलंत."

पंच आले. "लागला का हात?" त्यांनी सरांना विचारलं. सर बराच वेळ पटाकडे बघत राहिले. गृहपाठ न करता आलेली पोरं बघतात तसं. मग हळूच म्हणाले, "लागला." आणि त्यांनी उंट हलवला. हेडक्लार्कांनी वजीर मारला. आयुष्यातला पहिला डाव ते जिंकले, आणि सर उठून गेले.

"पेला कुठेय?" घरी आल्यावर बायकोने विचारलं.

"सरांना मिळाला."

बायकोला आनंद झाला होता, पण नवऱ्याचं तोंड बघून तिने आधी ताट वाढलं. हेडक्लार्कांना जेवण गेलं नाही. ज्या माणसाने वर्षभर एक दिवस न चुकता शिकवलं, त्यालाच खाली ढकलून आपण वर आलो! दुसऱ्या दिवशी साडेसहाला बेल वाजली नाही. पावणेसातलाही नाही. सात वाजता वाजली आणि हेडक्लार्क कपाटाला खांदा घासत दाराकडे धावले.

सर आत आले, बसले. पट काढला नाही.

"माफ करा, सर," हेडक्लार्क म्हणाले.

"तुम्ही कसली माफी मागता? जुन्या क्लबात अकरा वर्षं मी शेवटचा येत होतो. अकरा! इथे राहायला आलो आणि तुमच्याबद्दल ऐकलं. म्हटलं, देव पावला. हा माणूस नाव घालत असेल, तर आपण शेवटून दुसरे. तेवढंच विचारायला आलो होतो त्या दिवशी."

हेडक्लार्कांनी विचारलं, "मग मला शिकवलंत कशाला?"

"तेच तर!" सरांनी कपाळावर हात मारला. "चाळीस वर्षांची खोड. समोर चुकणारा माणूस बसला की राहवत नाही हो."

हेडक्लार्कांनी खुर्ची पुढे ओढली. "सर, आमचे साहेब परवा विचारत होते, बुद्धिबळ फार अवघड असतं का म्हणून."

सर ताठ बसले. "नाव घालतील?"

"मी घालायला लावतो. एकदा मनावर घेतलं की सोडत नाही मी. पण एक अट आहे. त्यांना शिकवायचं नाही. एक अक्षर नाही."

सरांच्या चेहऱ्यावर मोठी कळ उमटून गेली. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, हात चोळले, दोनदा तोंड उघडून मिटलं.

"प्रयत्न करीन," ते म्हणाले.