साळिंदरानं काढलेलं सुबक पान

दात ठणकतोय, आणि तुम्हाला गोष्ट हवी. बरं, बसा. मध्ये बोललात तर उठून जाईन.

एका जंगलात, कुठल्या ते विचारू नका, एक साळिंदर होता. उन्हाळ्यात कुठल्या पाणवठ्याला पाणी उरलंय, ते तो संगणकात लिहून ठेवायचा. नुसती साधी अक्षरं. वाचता यायची, एवढं पुरे होतं.

सिंहाला ते पुरेना. "छापील पान काढ. वडावर लावू. दिसायला पाहिजे ना काहीतरी!"

साळिंदरानं पान काढलं. तक्ता कागदात मावेना. पाणवठ्यांची नावं आली, पण 'पाणी आहे की नाही' हा शेवटचा रकाना कडेला कापला गेला.

झालं. पान कसं छापायचं ते जिच्यात लिहिलेलं असतं, त्या कॉन्फिगच्या फाइलीत साळिंदर शिरला. ती सगळी उसनवारीची. चार ओळी माकडाच्या, दहा अस्वलाच्या.

"या ओळीला हात लावू नकोस," अस्वलानं बजावलं होतं.

"का रे?"

"मला तरी कुठं ठाऊक!"

कोल्हा म्हणाला, "अर्धी फाइल उडवून बघ." उडवली. पान आडवं झालं. उरलेल्यातली अर्धी उडवली. अक्षरं मुंगीएवढी झाली.

तेवढ्यात हरिणी आली. मागे पाडस, जीभ बाहेर काढून.

"काका, पाणी कुठं आहे?"

"थांब गं. समास जुळतोय."

"पडद्यावर दिसतंय की सगळं!"

साळिंदरानं काटे फुलवून पडदा झाकला. "तो कच्चा मजकूर आहे. असा दाखवत नसतात कुणाला."

उन्हं चढली तेव्हा त्याला युक्ती सुचली. शेवटचा रकानाच त्यानं काढून टाकला. पान कसं झकास बसलं!

वडाखाली गर्दी झाली. सिंह "वा!" म्हणाला. हरिणीनं पहिलं नाव वाचलं आणि पाडसाला घेऊन पळाली. पहिलं नाव, म्हणजे पाणी असणारच.

संध्याकाळी ती एकटीच परतली.

"तिथं चिखलसुद्धा नव्हता, काका."

साळिंदराचे काटे आपोआप खाली बसले. त्यानं पानाकडे पाहिलं. नीट पाहिलं. उजवीकडची रेघ जराशी वाकडी होती. तो तसाच घराकडे धावला, दुरुस्त करायला.

तात्पर्य: मुलांनो, समास तेवढा सरळ ठेवा. तहानलेले कुठं कुणाला शाबासकी देतात?

साळिंदरानं हरिणीची माफी मागितली नाही. आमच्या गल्लीतही तेच. पाण्याचा टँकर कधी येणार, एवढंच मी यादी करणाऱ्याला विचारलं होतं. "थांबा आबा, यादी नीट छापून येऊ दे," म्हणाला. यादी येईतो टँकर येऊन गेला. माफी अजून यायचीय. त्याचं नाव कशाला लपवू? भालचंद्र टेमघरे.