धुळीतलं बिनबोटांचं जनावर

बारीक निरीक्षण म्हणाल तर माझा हात धरणारा माणूस ताश्कंदपासून फरगाना खोऱ्यापर्यंत नाही! हे मी स्वतःच निरीक्षण करून ठरवलं आहे.

आमचे संपादक नोसिर अका यांना मात्र ते पटत नव्हतं. वर्तमानपत्रातल्या निसर्गाच्या सदरासाठी दिलेला माझा लेख त्यांनी मेलेल्या उंदरासारखा दोन बोटांत धरला.

"इल्योर, ही 'सोनेरी पहाट' तू पाहिलीस कधी?"

"लिहिताना डोळ्यांसमोर होती, अका!"

"उठतोस किती वाजता?"

"दहा."

"आणि जर्दाळूला डिसेंबरात मोहोर?"

"तो मनातला मोहोर आहे."

अकांनी डोळे मिटले. "मामाच्या गावी जा. बागेत बस. दिसेल तेच लिही, एक शब्द जास्त नको. शनिवारपर्यंत धड लेख आला तर सदर तुझं. नाही तर अभिनंदनाचं पान तुझं!"

अभिनंदनाचं पान! आमच्या कचेरीत ती जन्मठेपच. 'सत्तरी गाठलेल्या आदरणीय अमुक अकांना...' असं रोज लिहून लिहून आधीच्या माणसाची अशी अवस्था झाली होती, की बायकोशी भांडायच्या आधी तो तिला दीर्घायुष्य चिंतायचा.

मी ताश्कंदहून तडक मर्गिलानजवळ एर्गाशमामाकडे गेलो. मामी जाऊन बरीच वर्षं झालेली. मामा द्राक्षवेलींशी बोलतो, माणसांशी बेताचंच.

"मामा, मी निसर्ग पाहायला आलोय!"

"पाहा. टोमॅटो तुडवू नकोस." एवढं बोलून मामा दमला.

बागेत तासभर बसलो. निसर्गातर्फे एक मांजर आलं, तेही मामाचंच. म्हटलं, अशानं सदर मिळायचं नाही, शास्त्रीय मार्गानं जायला हवं. धूळ झाडून सपाट करायची आणि दुसऱ्या सकाळी तिच्यावरचे ठसे वाचायचे! आता धूळ सगळ्यांत छान कुठे? गल्लीच्या पलीकडे, सालोमत आपांच्या फाटकासमोर. अगदी चाळून ठेवलेल्या पिठासारखी! आपा विधवा, वयानं मामाच्या जवळपास. घरात त्यांची म्हातारी आई रिसोलत आजी आणि शाळेत शिकवणारी मुलगी ओयदिन.

उजाडता उजाडता मी त्यांच्या फाटकासमोर झाडू मारायला लागलो. खिडकीत ओयदिन आली, मला पाहिलं, तोंडावर हात ठेवला आणि आत पळाली. मी मनात नोंद केली : लाजली.

दुसऱ्या सकाळी ठसे हजर! लांबट, गुळगुळीत. बोटं नाहीत, नखं नाहीत. जनावर आमच्या बागेतून निघालेलं, त्यांच्या फाटकाशी बराच वेळ उभं राहिलेलं आणि आल्या वाटेनं परत गेलेलं.

"मामा! तुमच्या बागेत एक मोठं जनावर राहतं!"

मामाला चहाचा ठसका लागला. "क-कसलं?"

"भित्रं असावं. फाटकापर्यंत जातं, पुढे हिंमत होत नाही त्याची."

चहा ठेवून मामा टोमॅटोचं रोप बांधायला लागला. आता त्याच्यात आणि टोमॅटोत फरक सांगणं कठीण झालं. "त्याचा नाद सोड तू," तो पुटपुटला.

"छे! मी त्याला उजेडात आणणारच!"

पुढच्याही सकाळी वाचलं, झाडलं. मग पतंग-किड्यांकडे वळलो. संध्याकाळी मामाच्या पलंगावरची पांढरी चादर दोरीवर टांगली, मागे दिवा ठेवला. किडे चादरीवर येऊन बसणार, मी मोजणार. आला वारा! चादर गल्ली ओलांडून थेट आपांच्या अंगणात! मागायला जायचं तर लाज वाटली. पण आपांचं मन बघा, सकाळी मोठं ताट आलं : हलवा, सामसा, बदाम. चादर मात्र आली नाही. मी ताट साफ केलं. मामा त्या ताटाकडे पाहत नुसता बसला, जणू त्यात साप होता.

मग पक्षी. दोन नान घेतले आणि आपांच्या फाटकाशेजारच्या बुटक्या भिंतीवर चिमण्यांसाठी एक मोडला. नान जमिनीवर टाकायचं पाप कोण करील! तेवढ्यात रिसोलत आजी बाहेर आल्या. वडीलधाऱ्यांसमोर एकट्यानंच काय मोडायचा, म्हणून दुसरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी बिस्मिल्ला म्हणून तो मोडला, एक घास खाल्ला आणि डोळे पुसले.

"अल्ला जोडी सुखी ठेवो रे, बाळा."

चिमण्यांची जोडी! "ठेवो, आजी, ठेवो!" मी म्हणालो. किती पक्षीप्रेमी बाई!

शुक्रवारी दुपारी परतलो, तर मामाच्या अंगणात गालिचे, पुलावाची कढई आणि गल्लीतले चार दाढीवाले. दारातच ओयदिन भेटली.

"काय, पाहुणे! फाटक झाडलंत, पांढरं कापड पाठवलंत, नान मोडलात. आता राहिलं काय?"

माझ्या पायाखालची धूळ सरकली. मागणी घालायला फाटक झाडतात, पांढरं कापड देतात, ते ठेवून घेऊन ताट पाठवलं की होकार, मग नान मोडून लग्न पक्कं करतात! ताश्कंदचा असलो तरी लहानपणी मीही हे ऐकलं होतं. पण हल्ली झाडतंय कोण? हल्ली फोन करतात!

मी डगमगलो नाही. असल्या प्रसंगी लेखकानं शब्द वापरायचे असतात. गालिच्यावर उभा राहिलो.

"वडीलधाऱ्यांनो! ओयदिन गुणी मुलगी आहे. तिचं मन मोडताना माझ्या काळजाला घरं पडताहेत. पण मी साहित्याला वचन दिलंय! ती मला विसरेल, सावकाश का होईना..."

ओयदिन अशी हसली, की तिला खांब धरावा लागला.

"माझं लग्न होऊन वर्ष झालं, पाहुणे! सुटीला माहेरी आलेय. तो बघा, पुलाव ढवळतोय तो माझा नवरा!"

नवऱ्यानं झारा हलवून मला सलाम केला.

"मग... कोणाचं..."

"अरे बाळा," रिसोलत आजी म्हणाल्या, "नवरदेव कधी स्वतः फाटक झाडतो का? त्याच्याकडची माणसं झाडतात. तू मामासाठी झाडलंस ना!"

मी मामाकडे वळलो. तो नवा अंगरखा घालून कोपऱ्यात बसला होता. त्याचे रबरी जोडे गालिच्याच्या कडेला, धुळीत. शेजारी त्यांचे उमटलेले ठसे. लांबट, गुळगुळीत. बोटं नाहीत, नखं नाहीत.

"हे जनावर," सालोमत आपा सावकाश म्हणाल्या, "कितीतरी वर्षं रोज माझ्या फाटकाशी येऊन परत जातंय. मी आतून बघायची. रोज वाटायचं, आज तरी कडी वाजवेल."

"मग तुम्हीच फाटक का नाही उघडलंत?" मी विचारलं.

"पळून गेलं असतं!"

मामा खाली मान घालून टोपी कुरवाळत होता. अखेर बोलला, तेही चक्क माणसांसमोर : "चादरीला डाग होता, सालोमत. माफ कर."

"बघितला," आपा म्हणाल्या. "म्हणूनच ठेवून घेतली. धुवायला कोणी नाही, हे कळलं."

त्या दुपारी मी जे पाहिलं ते सगळं लिहून काढलं. ठसे, चादर, चिमण्या, काही सोडलं नाही. शनिवारी नोसिर अकांचा फोन आला.

"शेवटचं वाक्य उत्तम! दिसलं तेच, एक शब्द जास्त नाही."

"कोणतं, अका?"

"'एर्गाश आणि सालोमत यांचं लग्न ठरलं.'"

"म्हणजे सदर माझं?"

"तेवढं वाक्य छापलंय. अभिनंदनाच्या पानावर. सोमवारपासून तिथेच बस!"

तसं या पानावर माझं झकास चाललंय. परवा एका आदरणीय अकांनी सत्तरी गाठली, त्यांच्या आयुष्यात मी 'सोनेरी पहाट' उगवायला लावली. त्यांचे मुलगे मिठाई देऊन गेले. मी किती वाजता उठतो, हे एकानंही विचारलं नाही!