साळिंदरांचा लाल डोंगर

एका जंगलात डोंगर हिरवाच काढायचा असा नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून मोडताही येत नव्हता.

त्या जंगलात साळिंदरांचं एक घराणं राहायचं. बीळ मोठं, नाव त्याहून मोठं. त्यांच्यात रीत अशी होती, मुलांनो, की नवी सून आली की तिने आपल्याच काट्याचा कुंचला करायचा आणि बिळाच्या भिंतीवर समोरचा डोंगर काढायचा. मग जंगलातल्या बायका फराळाला येणार, चित्र बघणार, आणि सून कशी आहे ते एकमेकींच्या कानात सांगणार.

चित्र काढताना डोंगराकडे बघायची गरज नसे. सासूने काढलेला डोंगर शेजारी असेच. सासूने तो तिच्या सासूचा बघून काढलेला. असे सात हिरवे डोंगर भिंतीवर ओळीने उभे होते. पंगतीला बसल्यासारखे.

आठवी सून आली केतकी. ती फार बोलायची नाही. तिने एकच चूक केली. ती बिळाबाहेर गेली आणि तिने डोंगराकडे बघितलं.

संध्याकाळ होती. माहेर त्या डोंगराच्या पलीकडे राहिलं होतं. केतकीला डोंगर तापल्या तव्यासारखा लाल दिसला. त्याच्या घळी जांभळ्या. वरचं आभाळ हळदीचं. तिने गेरू कालवला, जांभळं चुरडली, हळद घेतली आणि दिसलं ते काढलं. रंग घालताना हात आखडता घेतला नाही.

सासूबाईंना सगळे माई म्हणत. माईंनी चित्र पाहिलं आणि त्यांच्या पाठीवरचा एकेक काटा उभा राहिला.

"सूनबाई, हे काय आहे?"

"डोंगर, आई."

"आग लागलीय का त्याला?"

"नाही. मला तो असाच दिसला."

"दिसला? दिसलेलं कोण काढतं इथे? आमच्या सात पिढ्या काय आंधळ्या होत्या?"

केतकीला उत्तर येत होतं. तिने कुंचला धुवायला घेतला.

सासऱ्यांनी चित्र जवळून पाहिलं, लांबून पाहिलं आणि विचारलं, "फराळाला काय केलंय?" नवरा म्हणाला, "मला तर दोन्ही रंग आवडतात," आणि कंदमुळं आणायला निघून गेला. कंदमुळं नुकतीच आणलेली होती. तरी गेला.

"बायका यायच्या आत हे खरवडून काढ," माई म्हणाल्या. "आणि सरळ हिरवा डोंगर काढ. नाहीतर आजच माहेरी जा आणि तिकडे काढ काय आगी लावायच्या त्या."

केतकीने पंजा उचलला. रंग अजून ओला होता. पंजा काही भिंतीला लागेना.

तेवढ्यात दारातून एक लांब जीभ आत आली. तिच्यामागून घोरपडकाकू आल्या. शेजारीच राहायच्या. कुठेही सगळ्यांच्या आधी यायच्या आणि एकदा चिकटल्या की उठायच्या नाहीत.

"अगंबाई, लाल डोंगर!" काकू म्हणाल्या. "काय हो माई, मुलगी बघायला गेलात तेव्हा डोळे तेवढे बघायचे राहिले वाटतं?"

माईंनी फराळाची पत्रावळ काकूंपुढे सरकवली.

"नाही, मी आपलं म्हणते. तुमचं बघून आमच्या सुनेनेही डोंगर काढलाय, पण कसा हिरवागार! शेवटी माहेरचं वळण लागतं."

आता मुलांनो, साळिंदरं घरातल्या घरात एकमेकांना किती टोचतात, ते विचारू नका. पण बाहेरच्याने येऊन टोचलं, तर ती गोष्ट वेगळी.

माईंचे काटे खडखड वाजले. या वेळी पाठ मात्र घोरपडकाकूंकडे होती.

"डोंगर लालच असतो," माई म्हणाल्या.

"काहीतरीच! हा काय समोर, हिरवा!"

"तुमच्या दारातून तेवढाच दिसत असेल. आमच्या दारातून लाल दिसतो."

"मग भिंतीवरचे हे सात?"

"ते कच्चे होते," माई म्हणाल्या. "आता पिकला."

हळूहळू बायका जमल्या. आपल्या दारातून डोंगर नुसता हिरवा दिसतो, हे कबूल करायला एकही तयार होईना. ससेबाई म्हणाल्या, "आमच्याकडूनही लालच हो." हरिणवहिनी म्हणाल्या, "आमच्याकडून जरा जास्तच." घोरपडकाकू त्या दिवशी प्रथमच लवकर उठल्या. घरी जाऊन त्यांनी सुनेला सांगितलं, "तो हिरवा खरवड आधी!"

सगळ्या गेल्यावर केतकीने पत्रावळी गोळा करता करता विचारलं, "आई, तुम्हाला खरंच लाल दिसतो?"

"वेडी आहेस का? ढळढळीत हिरवा आहे."

"मग तुम्ही..."

"मग काय? ती बया मला रंग शिकवणार?"

केतकीने मान हलवली. पत्रावळी बाहेर टाकायला म्हणून गेली ती तशीच पुढे घोरपडकाकूंच्या दारात.

"काकू, उद्या नदी काढतेय. नारिंगी. नावं ठेवायला याल ना? जरा लवकरच या. आईंनी बघायच्या आत."

तात्पर्य: नव्या कलेला जाणकार नसले तरी चालतं. शेजार मात्र वाईट हवा.