बारदान्यासकट

“नवरीले उतरवा होऽऽ! वजनानं जीप रुतली!”

बावीस वर्षांपूर्वी वरात धाड गावाजवळच्या नाल्यात अडकली, तेव्हा पुढच्या सीटवरून आलेला हा आवाज. खाली मान घातलेली महामाया उतरली आणि बायकांसोबत गावापर्यंत चालत गेली. पण आवाज तिनं कानातल्या डुलासारखा जपला. कोण ओरडलं, म्हणून नवऱ्याला विचारलं, तर कचरू हळूच म्हणाला, “अश्वजित असन.” तेव्हापासून त्या दिराच्या चहात साखर कमी पडे, आणि महामाया कुठल्याही काट्यावर चढत नसे.

परवा कॉलेजची डिंपल समाजमंदिरात आली.

“काकू, बाईचं वजन आणि तिच्या आठवणी, यांचा काही संबंध आहे का ते बघतेय. आधी वजन, मग वीस चित्रं. हसरी, रडकी, साधी. कोणती लक्षात राहतात ते सांगायचं.”

“वजन कोनाले सांगशीन नाही ना?”

“शप्पथ! फक्त माझ्या वहीत.”

तिसऱ्याच बाईला डिंपलच्या मशीनचा सेल संपला. बायकांनी अडत दुकानातून मोठा काटा मागवला. काट्यामागोमाग दुकानात वजनं पुकारणारा मापाडीही आला, म्हणजे कचरूच.

“लुगड्याचं वजन कापा, भाऊजी!” सुभद्राबाई म्हणाल्या.

“बारदाना एक किलो कट,” कचरूनं गंभीरपणे मंजुरी दिली. पोत्याची सूट मिळाल्यानं बायका खूश झाल्या.

महामायाची पाळी आली. तिनं डोळे वटारले, कचरूनं ओठांवर बोट ठेवलं. घरी तो खालच्या पट्टीत बोलणारा माणूस. पण काट्यावर भार पडला आणि दुकानातल्या सवयीनं गळा आपोआप मोकळा झाला.

“एक्क्याऐंशीऽऽ! बारदाना कटऽऽ!”

समोरच्या बसस्टँडवरची माणसं वळून पाहू लागली. महामाया मात्र काट्यावर तशीच उभी. डूल हलत होते.

“काकू, चित्रं दाखवू?”

“थांब बाई. मले एकच दिसून राह्यलं.” ती उतरली. “चढा.”

“मी? काऊन?”

“चढा म्हन्तो ना!”

कचरू चढला. महामायानं आकडा वाचला आणि त्याच्याच सुरात हाक दिली, “शहाण्णवऽऽ! बारदान्यासकटऽऽ!”

हसू ओसरेपर्यंत कचरू काट्यावरच उभा राहिला. मग पायाकडे बघत, घरच्या आवाजात म्हणाला,

“अश्वजित नव्हता तो. मीच होतो. आन तू उतरली तरी जीप हालली नव्हती, महामाया. मी उतरलो, तवा निंगाली.”