अठरा प्रश्नांचा फॉर्म

फॉर्ममध्ये अठरा प्रश्न होते आणि हयवदनअण्णांनी अठराही प्रश्नांपुढे 'नाही' अशी खूण केली. मग पेनाला टोपण लावलं, कागद लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "शामसुंदर, आता हा कागद कुणाच्याही हातात पडू दे."

हयवदनअण्णा हे शामसुंदररावांच्या बायकोचे चुलतभाऊ. बंगळुरातल्या मराठी मंडळींचं वधूवर केंद्र ते बावीस वर्षं चालवत होते. मुलीबद्दल काहीही लिहून द्यायचं असलं की यशवंतपूरपासून जयनगरपर्यंतचे लोक आधी अण्णांना चहाला बोलावत. हट्टी मुलीला ते 'ठाम विचारांची' लिहीत आणि दहावी तीनदा दिलेल्या मुलाला 'चिकाटीचा'. त्यामुळे मुलीच्या, सिद्धीच्या डॉक्टरांकडून फॉर्म आला तेव्हा शामसुंदररावांनीही तेच केलं. चहा टाकला आणि अण्णांना फोन केला.

फॉर्मवर स्पष्ट लिहिलं होतं की हे प्रश्न मुलगी बारा वर्षांची होण्याआधीचे आहेत. ती वस्तू हरवत असे का, हातातलं काम अर्धवट सोडत असे का, दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडत असे का. अण्णांना हे वाचूनच राग आला होता. असल्या प्रश्नांना शहाणा माणूस कधी हो म्हणतो का, असं त्यांचं म्हणणं होतं. खाली 'इतर माहिती' असा रिकामा चौकोन होता. रिकामी जागा अण्णांना बघवत नसे. त्यांनी तिथे लिहिलं, 'शांत, वक्तशीर, गृहकृत्यदक्ष, पुरणपोळी उत्तम.' सिद्धीने आयुष्यात एकदाच पुरणपोळी केली होती आणि ती पेटली म्हणून तव्यासकट नळाखाली धरावी लागली होती. पण अण्णांचं अक्षर इतकं सुरेख होतं की शामसुंदररावांनी खाली सही करून टाकली.

सिद्धी एकतीस वर्षांची होती. महादेवपुऱ्यात एका कंपनीत कामाला होती. हुशार होती, पण गेल्या दोन वर्षांत तिची गाडी घसरली होती. मीटिंग विसरायची, ईमेल लिहून न पाठवताच ठेवून द्यायची, एक काम करता करता तिसऱ्याच कामात दिवस घालवायची. कंपनीने तिला महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली होती. तोवर सुधारणा दिसली नाही तर राजीनामा. मात्र तिला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं, तर शांत जागा, लेखी सूचना आणि आणखी सहा महिने मिळणार होते. सगळं त्या एका कागदावर अडलं होतं.

तपासून घ्यायला ती ही मुदत मिळण्याच्या कितीतरी आधीच सरकारी इस्पितळात गेली होती. तिथे तीन महिन्यांनंतरची तारीख मिळाली. कार्ड हरवू नये म्हणून तिने ते इतक्या नीट जागी ठेवलं की पुन्हा सापडलंच नाही. तारीख मात्र पाठ होती. बारा तारखेला सकाळी सातला ती रांगेत उभी राहिली आणि अकरा वाजता खिडकीपाशी पोचली. तेव्हा आतल्या बाईंनी सांगितलं की बारा तारीख बरोबर आहे, पण गेल्या महिन्याची. सिद्धीने त्यांना समजावलं की हाच आजार आहे, यासाठीच मी आले आहे. बाई म्हणाल्या, सरी, बरं, मग आता नवीन नंबर घ्या.

शेवटी तिने एचएसआर लेआउटमधल्या एका खासगी दवाखान्यात नाव नोंदवलं. तिथल्या डॉक्टर शिल्पाश्री यांनी तिला दोनदा तपासलं आणि एक अट घातली. हा त्रास लहानपणापासून आहे, याला पुरावा हवा. लहानपणी रोज पाहणाऱ्या माणसाने तो दिला पाहिजे. रोज पाहणारी आई, सुनंदाबाई, दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. उरले शामसुंदरराव. म्हणून तो फॉर्म त्यांच्या नावाने आला होता.

बापलेक अण्णांनी भरलेला फॉर्म घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी फॉर्म वाचला, मग सिद्धीकडे पाहिलं, मग पुन्हा फॉर्म वाचला. त्या कन्नड बोलत होत्या आणि शामसुंदररावांना ते घरच्यासारखंच होतं. डॉक्टर म्हणाल्या की वीस वर्षांच्या नोकरीत इतकं शहाणं मूल त्यांनी पाहिलेलं नाही. अशा मुलीला कसलंही निदान लिहून देणं म्हणजे तिच्यावर अन्याय होईल.

परतीच्या रिक्षात सिद्धी बराच वेळ बाहेर बघत होती.

"अप्पा, पुरणपोळी कुणी लिहिलं?"

"तुझ्या मामाने. चांगलंच लिहिलंय ना?"

"चांगलं लिहिलंय म्हणूनच माझी नोकरी जाणार आहे."

शामसुंदररावांनी विचारलं की नावं ठेवायची का पोरीला, परक्या बाईसमोर. सिद्धीने त्यांना परत एकदा सगळं सांगितलं. परकी बाई डॉक्टर आहे. तिला सून करून घ्यायची नाहीये, तिला आजार शोधायचाय. तिने विनवणी करून पुढच्या गुरुवारची वेळ मिळवली होती, आणि महिनाअखेरच्या आतली तीच शेवटची वेळ होती. सोबत कोरा फॉर्म होता. "आणि मामाला चहाला बोलवायचं नाही," ती म्हणाली. "तुम्हाला आठवेल तेवढं खरं लिहा. कितीही वाईट असू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी शामसुंदरराव एकटेच टेबलाशी बसले. ते चौतीस वर्षं पंपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. लेखी काम कसं करायचं हे त्यांना माहीत होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिला प्रश्न वाचला. हातातलं काम अर्धवट सोडून दुसरीकडे जाते का?

त्यांना हसूच आलं. जाते म्हणजे काय. त्यांनी 'हो' लिहिलं आणि उदाहरण लिहिलं. पुढचा प्रश्न वस्तू हरवण्याचा होता. तिथे तीन उदाहरणं झाली. बोलताना विषय सोडून भरकटते का, या प्रश्नाला जागा पुरेना म्हणून त्यांनी मागच्या बाजूला लिहिलं. मग कपाटातून साधे कागद काढले. एकेक गोष्ट आठवत होती आणि तिच्या पाठोपाठ दुसरी येत होती. मध्येच ते चहा करायला उठले आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या परत हसले. दोन वर्षांत त्या घरात दुपारी कुणी हसलं नव्हतं. संध्याकाळी फॉर्म पुरा झाला तेव्हा अठरा 'हो' आणि अकरा जादा पानं झाली होती. खरं लिहिलं की इतकं हलकं वाटतं हे त्यांना माहीत नव्हतं.

गुरुवारी डॉक्टरांनी तो गठ्ठा हातात घेतला आणि समाधानाने मान हलवली. जादा पानं कन्नडमध्ये होती. त्यांनी पहिलं पान मोठ्याने वाचलं. "१९९१. सकाळी दारात रांगोळी काढायला घेतली. अर्धी झाल्यावर भाजी आणायला गेली. भाजी न आणता, राहिलेली अर्धी रांगोळी भाजीवालीच्या दारात काढून आली."

"अप्पा," सिद्धी म्हणाली, "माझा जन्म चौऱ्याण्णवचा."

डॉक्टरांनी पुढचं पान उलटलं. त्यात मुलीने स्वतःच्या लग्नाच्या मांडवात भटजींचे मंत्र मध्येच थांबवून, तुमच्या मुलाचा निकाल काय लागला, असं विचारल्याचं लिहिलं होतं. "ही बारा वर्षांची होण्याआधीची गोष्ट?" त्यांनी विचारलं. मग शेवटचं पान पाहिलं. तिथे नाव, पत्ता आणि रुग्णाशी नातं लिहायचं होतं. नात्यापुढे शामसुंदररावांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'पती'.

शामसुंदररावांनी चष्मा काढून हातात धरला.

"चूक झाली मॅडम," ते म्हणाले. "प्रश्न वाचले आणि तीच समोर आली. मग थांबता आलं नाही."

सिद्धीने त्यांच्या हातातला चष्मा घेतला आणि आपल्या ओढणीने पुसून परत दिला. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. अजून वीस मिनिटं उरली होती. त्यांनी गठ्ठा बाजूला ठेवला आणि अगदी सौम्यपणे म्हणाल्या की असू दे, आता स्वल्प, थोडंसं, तोंडीच सांगा, फक्त सिद्धीबद्दल. ती सात-आठ वर्षांची असताना कशी होती.

शामसुंदररावांनी मनापासून आठवायचा प्रयत्न केला. "शाळेत जायची," ते म्हणाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "यायची."

आणखी काही येईना. ते सकाळी सहाला कामावर जात आणि संध्याकाळी सातला येत. येत तेव्हा दप्तर भरलेलं असे, वह्यांना कव्हरं असत, पोर हातपाय धुऊन पुस्तक घेऊन बसलेली असे. कारखान्यातला एकेक नट कुणाच्या सहीने बाहेर गेला ते त्यांना ठाऊक असे. घरातल्या वस्तू मात्र आपोआप सापडतात असं त्यांनी इतकी वर्षं धरलं होतं. हे सगळं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नाही. ते चष्म्याच्या काड्या उघडत-मिटत राहिले आणि सिद्धीला कळलं की कागद मिळत नाही.

डॉक्टरांनी विचारलं की प्रगतिपुस्तकं तरी आणली आहेत का. शामसुंदररावांनी ट्रंकेत होतं ते सगळं एका कापडी पिशवीत भरून आणलं होतं. प्रगतिपुस्तकांत काहीच नव्हतं. मार्क बरे, वागणूक चांगली, शेरा समाधानकारक. डॉक्टरांनी ती एकेक करून परत ठेवली. पिशवीत खाली चौथीच्या वर्गाची शाळेची डायरी होती. मागच्या पानांवर एका बाजूला वर्गशिक्षिकेने सूचना लिहायची आणि दुसऱ्या बाजूला पालकांनी सही करायची, अशी ती छापलेली होती. तिथे बाकीचे पालक नुसती सही करत असत. सुनंदाबाई उत्तर देत असत.

डॉक्टरांनी वाचायला सुरुवात केली. शिक्षिकेने लिहिलं होतं, 'सिद्धी आज दप्तराशिवाय शाळेत आली.' शेजारी सुनंदाबाईंचं अक्षर होतं. 'दप्तर मी दारात ठेवलं होतं. ती त्यावरून उडी मारून गेली. उद्या तिच्या पाठीला लावून मगच दार उघडेन.'

'या महिन्यात तिसरी पाण्याची बाटली हरवली.'

'दोनच. तिसरी मी बसमध्ये विसरले.'

'जागेवर बसत नाही. वर्गभर फिरते.'

'दर वीस मिनिटांनी तिला वह्या वाटायला द्या, मग बसते. घरी मी तिला सारखी शेजारी वाटी परत द्यायला पाठवते. वाटी परत येते, मी परत पाठवते.'

डॉक्टर हसल्या, मग हसायच्या थांबल्या आणि पेन घेऊन पुढची पानं वाचू लागल्या. सिद्धी खुर्ची सरकवून त्यांच्या बाजूला गेली. फेब्रुवारीच्या एका पानावर ती थांबली आणि वडिलांना ऐकू जाईल असं तिनेच वाचलं. शिक्षिकेने लिहिलं होतं, 'आईशी बोलून उपयोग होत नाही. वडिलांना भेटायला पाठवा.' त्यावर उत्तर होतं, 'त्यांना पाठवत नाही. ते स्टोअर सांभाळतात. आम्हा दोघींबद्दल त्यांना अजून काही कळलेलं नाही. कळू देऊ नये ही विनंती.'

शामसुंदररावांनी डायरी मागून घेतली आणि ते वाक्य स्वतः वाचलं. दोनदा वाचलं. "आम्हा दोघींबद्दल," ते म्हणाले.

"अप्पा, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"तुझ्या आईचं माहीत होतं. पण मला वाटायचं, माझ्यापासून लपवण्याइतकं तिच्या लक्षात राहत नसेल."

डॉक्टरांनी नवा फॉर्म घेतला आणि डायरीतून बघून स्वतःच भरला. अठरापैकी चौदा 'हो' झाले, प्रत्येकासमोर तारीख. त्या म्हणाल्या की सोमवारी पत्र मिळेल, कंपनीच्या मुदतीच्या आत. आणि असंही म्हणाल्या की या मुलीवरचा इलाज चौथीतच सुरू झाला होता आणि दोन वर्षांपूर्वी तो बंद पडला, एवढंच. सिद्धीने यावर नुसती मान हलवली.

शेवटी माहिती देणाऱ्याच्या नावापुढे डॉक्टरांनी 'आई' लिहिलं आणि पेन शामसुंदररावांपुढे केलं. माहिती देणाऱ्याची सही लागते, आता त्यांच्या वतीने तुम्ही करा, असं त्यांनी सांगितलं.

शामसुंदररावांनी पेन हातात घेतलं. थोडा विचार केला आणि ते टेबलावर ठेवून दिलं. मग डायरी उलटी फिरवून डॉक्टरांच्या समोर सरकवली.

"तिनेच केलीय मॅडम," ते म्हणाले. "प्रत्येक पानावर आहे."

खरंच होती. प्रत्येक उत्तराखाली, कन्नडमध्ये, पूर्ण नावानिशी. एका पानावर तर सुनंदाबाईंनी शिक्षिकेच्या जागीही चुकून आपलीच सही ठोकून दिली होती. डॉक्टरांनी तेच पान झेरॉक्सला पाठवलं.