मौनपूर्वक त्याग

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत विभागीय पाणी-संदेश कक्ष नावाचे एक कार्यालय आहे आणि तिथे कोणताही कागद मराठीत असल्याशिवाय एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात नाही. नियम चांगला आहे. तनुजाही तो चांगला मानत होती, तिच्यावर लागू होईपर्यंत.

तनुजा इलेक्ट्रॉनिक्समध्ये एमएस्सी झालेली आणि कंत्राटावर लागून तिला सात महिने झालेले. तिच्याकडे जनावरांच्या एकशेदहा हौदांचे काम होते. प्रत्येक हौदावर एक डबी होती. पाणी तळाला गेले की डबी ‘हौद रिकामा’ अशी बिनतारी चिठ्ठी कक्षाकडे पाठवी आणि कक्षातला संगणक नळ सोडी. वाटेत कुणी वाचू नये, खोटी चिठ्ठी पाठवून पाणी पळवू नये, म्हणून ही चिठ्ठी कुलूपबंद असे. मात्र ती पोचेलच याची हमी नव्हती. पोचपावती घेणारे हे टपाल नव्हे. दगड भिरकावतात तशी चिठ्ठी भिरकावायची, लागली तर लागली. त्यामुळे आलेल्या चिठ्ठ्या तपासण्याचे नियम फार कडक होते आणि ते सगळे इंग्रजीत होते.

“फाइल वरून परत आलीय, मॅडम,” कार्यालय अधीक्षक काकासाहेब म्हणाले. “इंग्रजीचा एक शब्द राहिला तरी पुन्हा येईल. नीट मराठी करा. तुमचं शिक्षण झालंय.”

तनुजाने चार दिवस मराठी केले. तिला नेमक्या शब्दाचे वेड होते. तो सापडेपर्यंत ती डबा उघडत नसे. रोज एक वाजता आईचा फोनवर निरोप येई, ‘जेवलीस का?’ ती बघे आणि फोन पालथा घाली. डबी आणि संगणक यांची पहिली ओळख पटवणे म्हणजे हँडशेक, त्याचे तिने हस्तांदोलन केले. कोणते क्रमांक अजून चालतील त्या पट्ट्याला विंडो म्हणतात, त्याची खिडकी केली. किल्ल्या बदलून नव्याने मोजणी सुरू होते त्या टप्प्याला युग म्हटले. न पटणारी चिठ्ठी काही न बोलता टाकून द्यायची, याला ‘मौनपूर्वक त्याग’ हा शब्द सापडला तेव्हा ती स्वतःशीच हसली.

कुकीवर मात्र गाडी अडली. अनोळखी डबी बोलू लागली की संगणक तिच्याकडे एक खूण पाठवतो. तीच खूण तिने परत आणून दिली तर ती खरोखर आपल्या पत्त्यावर आहे असे समजायचे. त्या खुणेला कुकी म्हणतात. तनुजाने ‘कुकी’च लिहिले होते.

“हे मराठी नाही,” काकासाहेब म्हणाले आणि हिरव्या शाईने तिथे ‘बिस्किट’ केले.

“सर, बिस्किट तरी कुठं मराठी आहे?”

“आमच्या घरी चार पिढ्या खातोय.”

फाइल मंजूर झाली. विषय होता, ‘आवक अभिलेख हाताळण्याची सुरक्षित कार्यपद्धती’. मराठी इतके उत्तम उतरले होते की हे संगणकाविषयी आहे अशी शंका कुणाला आली नाही. फाइल संगणक विभागात न जाता तळमजल्यावर आवक विभागात गेली. तिथे खिडकीमागे पुंडलिकराव बसत. सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच त्यांच्यासाठी कुणी इतके सविस्तर लिहिले होते.

त्यांनी ते तीनदा वाचले आणि सोमवारपासून अमलात आणले.

नियम एक. अनोळखी पाठवणाऱ्यास प्रथम बिस्किट द्यावे. तेच बिस्किट स्वतःच्या पत्त्यावरून अखंड परत आणील तोच खरा. नियम दोन. प्रत्येकास क्रमांक द्यावा. खिडकी चौसष्ट क्रमांकांची असून ती सतत पुढे सरकते. डाव्या कडेच्या मागे पडलेला क्रमांक जुना समजावा. नियम तीन. एकदा येऊन गेलेले पुन्हा आल्यास ती पुनरुक्ती. नियम चार. तुटलेले वा फेरफार झालेले ते अवैध. या सर्वांचा मौनपूर्वक त्याग करावा. कारण सांगू नये, कारण सांगितल्याने लबाडास मदत होते.

नियम दोनसाठी सुतार बोलावून सरकती खिडकी बसवून घेण्यात आली. ग्लुकोज बिस्किटांवर निळ्या शाईने क्रमांक टाकायचे कामही सुरू झाले.

तनुजाला हे कळले तेव्हा ती धावत काकासाहेबांकडे गेली. “सर, ते नियम डब्यांसाठी आहेत. माणसांसाठी नाहीत.”

“माणसांना लागू नाही असं कुठं लिहिलंय?”

तिने पाहिले. लिहिलेले नव्हते. सगळीकडे ‘पाठवणारा’ होते. तो शब्द तिनेच चार दिवसांतल्या एका दुपारी, जेवण टाकून, शोधला होता.

“शिवाय मॅडम,” काकासाहेब हळू आवाजात म्हणाले, “आठ दिवसांत एक तक्रार नोंदली गेलेली नाही. अशी शांतता मी या इमारतीत पाहिली नव्हती.”

त्याच आठवड्यात लासूर स्टेशनकडची दगडाबाई एसटीने आली. मेंढरे राखणारी बाई, साठीच्या पुढची, हातात काठी. तिच्या वस्तीजवळच्या हौदाच्या डबीची बॅटरी बदलून माणूस गेला आणि तेव्हापासून हौदात थेंब नव्हता. खिडकीतून पुंडलिकरावांनी तिला बिस्किट दिले आणि काही बोलले नाहीत. दगडाबाईला वाटले, सरकार सुधारले. तिने ते तिथेच खाल्ले आणि अर्ज पुढे केला. पुंडलिकराव तिच्याकडे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघावे तसे बघत राहिले.

दुसऱ्या खेपेला तिला दुसरे बिस्किट मिळाले. रांगेतल्या एकाने समजावले की हे घरी न्यायचे आणि परत आणायचे. तिने ते पदराच्या गाठीत बांधले. तिसऱ्या खेपेला परत आणेपर्यंत एसटीत त्याचा चुरा झाला. नियम चार.

तेव्हा मिळालेले नवे बिस्किट चौथ्या खेपेला तिने सरकीच्या कापसात गुंडाळून पानाच्या डब्यातून आणले. अखंड होते. पुंडलिकरावांनी उठून, नियमाप्रमाणे, तिच्याशी हस्तांदोलन केले. दगडाबाईच्या डोळ्यांत पाणी आले. मग त्यांनी बिस्किटावरचा क्रमांक पाहिला. दोनशे चार. दगडाबाई जाऊन-येऊन होईपर्यंत खिडकी दोनशे एकाहत्तरपर्यंत सरकली होती, म्हणजे डावी कड दोनशे आठवर होती. त्यांनी हात सोडला, बसले आणि पुन्हा तिच्याकडे घड्याळाकडे बघावे तसे बघू लागले.

बाहेर लिंबाच्या सावलीत तनुजाला ती भेटली.

“पोरी, ह्यो मानूस बहिरा हाय का मुका?”

“दोन्ही नाही, आजी. तुमचा नंबर मागं राहिला.”

“मंग पुढचा दे की.”

तनुजाने वर जाऊन संगणक उघडला. दगडाबाईच्या हौदाची डबी जिवंत होती. बॅटरी बदलताना ती आपली मोजणी विसरली होती आणि पुन्हा एकपासून ओरडत होती: हौद रिकामा, क्रमांक एक. हौद रिकामा, क्रमांक दोन. संगणकाच्या लेखी ती पाच हजारांपुढे गेलेली होती. त्यामुळे हे सगळे जुने. गेल्या सतरा दिवसांत एका डबीच्या चारशे आठ चिठ्ठ्यांचा मौनपूर्वक त्याग. खाली बाई, वर डबी, दोघी एकच सांगत होत्या आणि दोघींना एकाच नियमाने बाहेर ठेवले होते.

उपाय साधा होता. नवे युग सुरू करायचे, नवी किल्ली द्यायची, मोजणी शून्यापासून. एक बटण. पण बटण दाबायला आदेश लागे, आदेशाला नोंदलेली तक्रार लागे आणि तक्रार खिडकीतूनच यायला हवी होती. तनुजाने स्वतः टिपण लिहून खिडकीत दिले. पुंडलिकरावांनी, ज्यांच्यासोबत ती रोज चहा पीत असे, तिला एक बिस्किट दिले.

ती बाहेर लिंबाखाली आली. “आजी, पाणी आहे का थोडंफार कुठं?”

“विहिरीवर दोन कोस जाते मी. कोकरं चालना झाली. परवा एक गेलं.” दगडाबाई काठीने माती उकरत म्हणाली. “किती नंबराची हाय गं ती खिडकी?”

“चौसष्ट.”

“म्हंजी तीन इसा न् चार.” तिने बोटांवर मोजले. “माझी मेंढरं बी तेवढीच हायती. आन् अर्ज मानसानंच करावा असं काय लिवलंय का?”

“नाही,” तनुजा म्हणाली. “पाठवणारा, एवढंच लिहिलंय.” आणि पुढे काय होणार हे तिच्या लक्षात आले, पण तिने कारण सांगितले नाही.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास जालना रोडवरची वाहतूक थांबली. दगडाबाईने दोन मुक्काम करून सगळा कळप आणला होता. एकेका मेंढराच्या पाठीवर लाल रंगाने आकडा होता. ती त्यांना ओळीने खिडकीपाशी नेऊ लागली.

पुंडलिकराव क्षणभर थबकले. पण नियमात मेंढराविषयी काही नव्हते आणि ‘जा’ म्हणणे हेसुद्धा उत्तरच झाले असते. त्यांनी पहिल्या मेंढराला बिस्किट दिले. मेंढराने ते खाल्ले. दुसऱ्याला दिले, त्यानेही खाल्ले. एकेक क्रमांक पुढे गेला, एकेकदा खिडकी सरकली आणि चौसष्टावे मेंढरू मागे वळले तेव्हा त्या आठवड्यात अखंड बिस्किटे घेऊन उभा असलेला प्रत्येक अर्जदार डाव्या कडेच्या मागे पडला होता. रांगेतल्या तीस-पस्तीस लोकांनी आपापल्या बिस्किटाकडे पाहिले. मग कुणीतरी ते खाल्ले, आणि बाकीच्यांनीही खाल्ले.

मेंढरे तहानलेली होती. कार्यालयासमोर पाणी वाचवा असा फलक लावलेले एक कारंजे आहे. ती तिकडे वळली.

काकासाहेब वरून गॅलरीत आले. “यांना कुणी हाकलत का नाही?”

“सर, हस्तांदोलन अपूर्ण आहे,” पुंडलिकराव खालून म्हणाले. तीन आठवड्यांत त्यांनी खिडकीबाहेर उच्चारलेले हे पहिले वाक्य. “यांच्याशी बोलता येत नाही.”

काकासाहेब तनुजाकडे वळले. कपाळावर घाम होता. दुपारी वरच्या कार्यालयाचे पथक येणार होते, शून्य तक्रारींची पाहणी करायला. “मॅडम, तुम्हीच लिहिलंय हे. यातून बाहेर पडायची वाट पण लिहिली असेल.”

“आहे, सर. नियम पाच. नवे युग.”

“म्हणजे?”

“नवं युग जाहीर केलं की सगळी मोजणी शून्यापासून. मागच्या युगातलं जे काही पडून आहे, ते आपोआप बाद.”

“सगळं बाद?” काकासाहेबांचा चेहरा उजळला. “प्रलंबित काहीच नाही?”

“काहीच नाही.”

“मसुदा करा.”

तनुजाने मसुदा केला. पाचच ओळी होत्या, पण तिने आयुष्यात इतक्या काळजीने मराठी लिहिले नव्हते. चौथ्या ओळीत तिने ‘हे युग कक्षाच्या अखत्यारीतील सर्व खिडक्यांस’ यापुढे ‘व डब्यांस’ असे चार अक्षरांचे शेपूट जोडले. काकासाहेबांनी सही केली. मराठीत असल्यामुळे त्यांनी वाचले नाही.

दाराशी रांगोळी काढली गेली. नारळ फुटला. ‘नव्या युगात आपले स्वागत’ असा फलक शहागंजहून तासाभरात छापून आला. पाहणी पथकाने कारंज्याभोवतीची मेंढरे पाहिली आणि ग्रामीण विकासाचे इतके जिवंत दर्शन अन्यत्र दिसले नाही, अशी नोंद केली. आणि टाळ्या चालू असताना तनुजाने वर जाऊन, रीतसर आदेशान्वये, बटण दाबले.

पडद्यावर चिठ्ठी आली. नवे युग, क्रमांक शून्य: हौद रिकामा. आणि पहिल्यांदाच तिच्यापुढे ‘स्वीकृत’ उमटले. पन्नास किलोमीटरवर नळ सुटला.

ती खाली धावली. “आजी, पाणी सुटलं.”

“व्हय?” दगडाबाईने कळपाकडे पाहिले. “पानी तिकडं आन् मेंढरं हिकडं. तुमच्यात समदं असंच चालतंय का?” पण ती हसली आणि काठी उचलून मेंढरांना गोळा करू लागली.

तेवढ्यात तनुजाच्या हातातला फोन थरथरला. तिने पाहिला आणि पालथा घातला.

“कुनाचं?”

“आईचं. जेवलीस का म्हणून.”

“मंग सांग की, जेवली का नाय ते.”

“रोज तेच असतं, आजी. शब्दसुद्धा तेच. त्याला काय उत्तर द्यायचं? आमच्यात त्याला पुनरुक्ती…” तनुजा मध्येच थांबली.

“माही मेंढरं बी रोज येकच वरडत्यात,” दगडाबाई म्हणाली. “तहान रोजच लागती ना.” आणि ती कळप घेऊन जालना रोडला लागली.

कक्षाला त्या वर्षीचा गतिमान प्रशासनाचा विभागीय पुरस्कार मिळाला. लासूर स्टेशनच्या हौदाबाबत अहवालात म्हटले आहे की सदर ठिकाणची कोणतीही तक्रार प्राप्त नाही. कार्यपद्धती आता इतर कार्यालयांनाही पाठवली जात आहे, टप्प्याटप्प्याने.

तुमच्यापर्यंत ती अजून आलेली नसेल. पण अंमलबजावणीत तुम्ही पुढेच असाल, असा कक्षाचा अंदाज आहे. पडताळा साधा आहे. हे मिटून फोन उघडा आणि थोडे मागे सरका. कुणीतरी रोज तेच विचारलेले सापडेल, त्याच शब्दांत. बाजूला दोन निळ्या खुणा असतील, आणि त्याखाली दुसऱ्या दिवशीचा तोच प्रश्न.