चाळीस सेंटिमीटरचा खड्डा

"चाळीस सेंटिमीटर! त्याखाली एक मिलिमीटरही नाही!" फाउस्तोने प्लंबरला बजावले. "दुपारपर्यंत खड्डा बुजला पाहिजे. इथे खड्डा होता हे खड्ड्यालासुद्धा कळता कामा नये!"

रोममधल्या त्या टेकडीवर उत्तरेकडच्या एका थंड देशाची संशोधकांसाठीची अकादमी होती आणि फाउस्तो बेलार्दी गेली सव्वीस वर्षे तिचा रखवालदार होता. शनिवारी त्याच्या मुलीच्या, लोरेदानाच्या, लग्नाचे जेवण अकादमीच्या अंगणात व्हायचे होते. पाहुणे नव्वद. संचालकांची परवानगी लेखी. आणि बुधवारी सकाळी स्वयंपाकघराचा सांडपाण्याचा पाइप तुंबला!

खोदणे भाग होते. पण रोममध्ये खोदणे म्हणजे झोपलेल्या सासूच्या उशाखालून किल्ल्या काढणे. काही जुने लागले की पुरातत्त्व खात्याला कळवायचे. मग खात्याची नारिंगी जाळी येते आणि ठाण मांडते. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याच्या दारात ती नऊ वर्षे उभी होती. आता त्याची गिऱ्हाइके तिला छत्र्या अडकवत.

प्लंबर नाझारेनो चमच्याने आइस्क्रीम खावे तसा खोदत होता. अडतीसाव्या सेंटिमीटरला टण्ण आवाज झाला.

"फाउस्तो, संगमरवर आहे रे! वर अक्षरंबिक्षरं आहेत!"

"डोळे मीट आणि माती लोट!"

पण वरची खिडकी उघडली होती. संचालक डॉ. हालवर हे शिलालेखांचे तज्ज्ञ. रोममध्ये चार वर्षे काढूनही स्वतःचा एकही शिलालेख त्यांना सापडला नव्हता. ते जिना उतरले की घरंगळले, याबाबत साक्षीदारांत एकमत नाही. पुढच्या क्षणी ते खड्ड्याशी पालथे पडून टायने दगड पुसत होते.

"तिबेरियस!" ते कापऱ्या आवाजात वाचू लागले. "घराचा पहारेकरी... सर्वांना प्रिय... चौदा वर्षे जगला! फाउस्तो, हा गुलाम मुलगा होता! अक्षरांचं वळण निःसंशय दुसऱ्या शतकातलं!"

फाउस्तोने वाकून दगड पाहिला. तिबेरियो! त्याच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी वारलेला अकादमीचा बोका! छिन्नीने जुनी अक्षरे गिरवण्याचा नाद असलेल्या एका संशोधकाने त्याच्यासाठी दगड कोरला होता आणि सगळ्या विद्वानांनी काळे कपडे घालून त्याला लिंबाच्या झाडाखाली पुरले होते. पुढे झाड वठले, तोडले गेले आणि जागा विस्मरणात गेली.

तो तोंड उघडेपर्यंत संचालकांनी खात्याला, राजदूतांना आणि स्वतःच्या आईला फोन केले होते.

तासाभरात खात्याच्या निरीक्षक डॉ. स्कार्पेल्लीनी आल्या. पहिल्यांदा त्यांनी मीटरपट्टी काढली. "फक्त एक चौरस मीटर बंद ठेवते. भोवती टेबलं मांडा. सत्त्याऐंशी माणसं बसतील."

"आणि उरलेली तीन?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा."

ते तिघे कोण, हे ठरवायला फाउस्तोला वेळ लागला नाही. लोरेदानाच्या होणाऱ्या सासूने, एर्सीलियाबाईंनी, यादीत सर्वांत शेवटी आपल्या तीन अविवाहित बहिणी घातल्या होत्या. त्यांना वगळणे म्हणजे लग्नच वगळणे!

"बाई," तो छाती काढून म्हणाला, "हा गुलाम नाही. हा बोका आहे!"

संचालक पांढरे पडले. "अशक्य! ही अक्षरं—"

"तुमच्याच माणसानं कोरली, साहेब! मी स्वतः मेणबत्ती धरून उभा होतो."

"पुरावा?" निरीक्षकबाईंनी शांतपणे विचारले.

"खाली आहे की! खोदा. बोका निघेल, गळ्यात घुंगरू असेल आणि शेजारी सार्डिनचा डबा. डबा मीच ठेवला होता."

बाईंना म्हणणे रास्त वाटले. दावा तपासण्याजोगा होता. त्यांनी ब्रशने तीस सेंटिमीटर माती काढली. हाडे निघाली. घुंगरू निघाले. डबाही निघाला, त्यावरची किंमत लिरांमध्ये!

"बोका," बाईंनी नोंद केली. संचालक भिंतीला टेकून खाली बसले. नाझारेनोने टाळ्या वाजवल्या. "वा रे पठ्ठ्या! उचला जाळी!"

"एक मिनिट," बाई म्हणाल्या.

त्यांनी डबा उचलला. डब्याखाली एक डोळा होता. काळ्यापांढऱ्या खड्यांचा, माशाचा. ब्रश फिरत गेला तसा माशाला शेपूट आले, शेपटाशेजारी दुसरा मासा आला आणि दोघे मिळून शिस्तीत, वधूचे टेबल जिथे लागायचे होते, त्या दिशेने निघाले.

संचालक ताडकन उठले. "रोमन फरसबंदी! फाउस्तो, तुझ्याशिवाय आम्हाला हे कधीच सापडलं नसतं!" त्यांनी त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. त्यांच्या देशात असे करत नाहीत.

संध्याकाळपर्यंत जाळी चारही भिंतींना टेकली. खात्याच्या नोंदपत्रावर 'शोध कोणाच्या माहितीवरून' या रकान्यात बाईंनी वळणदार अक्षरात फाउस्तो बेलार्दी लिहिले.

"पण बाई, शनिवार?"

बाईंचा आवाज मऊ झाला. "लग्नाचं विसरा. पण नातवंडाच्या बाप्तिस्म्याला अंगण मिळेल. फक्त जोडप्याला म्हणावं, घाई करू नका."

खिशातला फोन वाजला. लोरेदाना होती.

"बाबा, पाइप झाला ना? सासूबाई विचारतायत, टेबलं कुठे लावायची?"

फाउस्तोने जाळीकडे पाहिले, घसा खाकरला आणि शक्य तितक्या सहजपणे विचारले, "पोरी, पहिल्या बाळाचं तुम्ही साधारण कोणत्या वर्षी धरलंय?"